हवेत बावीस टन

"थांब गो माया!" खालून सीतारामकाका ओरडले.

मायाने क्रेनचा दांडा मधोमध आणला. बावीस टनांची हिरवी पेटी जहाज आणि धक्क्याच्या मध्ये लोंबकळत राहिली.

*खाली.*

तीन माणसं, तीन बोटं. नौदलाचा अधिकारी आपल्या ट्रककडे : भर समुद्रात आम्ही जप्त केली, खटला लष्करी कायद्याने चालेल. कस्टम्सचे साहेब गोदामाकडे : धक्क्यावर आली की आमची. परदेशी वकिलातीचा माणूस जहाजाकडे : आमच्या सैन्याचा माल, तुमचा कायदा त्याला लागतच नाही. दिल्लीला फोन चालू.

*वर.*

माया काचेच्या केबिनमध्ये. अकरा वर्षं क्रेनवर. इथून माझगावचे धक्के दिसतात, घोडपदेवची तिची चाळसुद्धा. पेटीत काय आहे, ठाऊक नाही. नियम ठाऊक आहे : थांब कुणीही म्हणावं, उतरव एकाच हाताने सांगावं. तो हात आज सीतारामकाकांचा. वय सत्तावन्न, नोकरी कंत्राटी. त्यांची उजवी मूठ वर होती. मूठ म्हणजे थांब.

वॉकीवर नौदलाचा आवाज आला. "ऑपरेटर, ट्रकवर उतरवा. ऑर्डर आहे."

"ऐकलं साहेब. पण जरा बाजूला व्हा ना, काकांचा हात दिसत नाहीये."

अधिकारी बाजूला झाला.

*खाली.*

कंत्राटदाराचा मुकादम काकांच्या कानाशी लागला. "म्हाताऱ्या, सोड मूठ. पुढच्या महिन्यात कंत्राट नवं करायचं आहे ना तुझं?"

"आसा." काका तिघांकडे वळले. "तिघांनी मिळून एक जागा दाखवा साहेब. तोवर मूठ काय सुटूची नाय."

*वर.*

वारा सुटला. पेटी झुलली. खांद्यावर तारे असलेली माणसं टोप्या धरून पळाली. काका जागचे हलले नाहीत. मायाने दांडा केसभर सरकवला, झोका ओळखून त्याच्या मागे गेली, पुन्हा केसभर. पेटी थांबली. इतकी स्थिर, की एक घार येऊन तिच्यावर बसली. दोन देशांपैकी कुणालाच त्या पेटीला हात लावता येत नव्हता, आणि ही आरामात पंख साफ करत होती.

माया श्वास रोखून बघत राहिली. एवढं अवजड धूड, आणि ते आपल्या दोन बोटांवर.

एक तास वीस मिनिटं.

मग दिल्लीचा फोन आला. तिघांची तीन बोटं, कुरकुरत का होईना, जहाजाकडे वळली. काकांनी खूण केली, डाव्या हाताने. मायाने पेटी जहाजावर टेकवली. टक् असासुद्धा आवाज झाला नाही.

ती खाली उतरली तेव्हा गाड्या निघून गेल्या होत्या. काका बोलार्डवर, दोरखंड बांधायच्या त्या लोखंडी खुंटावर बसले होते. उजवी मूठ मांडीवर, अजून आवळलेली.

"उघडत नाय गो."

मायाने ती मूठ ओंजळीत घेतली आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवायला लागली.