चिंचेखालचा देव

निजामाची सडक मंठाळवरून जाणार म्हटल्यावर तोडायच्या झाडांवर चुन्याच्या रेघा उमटल्या. दुसऱ्या दिवशी गोरा साहेब पेन्सिल घेऊन नागूबाईच्या चिंचेसमोर बसला, तेव्हा आता हिच्यावरही कुऱ्हाड येणार असं तिनं धरलं. मुडद्याला एवढ्या गावात हीच चिंच दिसली का? साहेब उठून गेल्याबरोबर तिनं बुंध्याशी एक दगड मांडला आणि त्याला शेंदूर फासला. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती होती?

शेजारचा भीमण्णा गुलबर्ग्याला इंग्रजी शिकलेला. तो साहेबाला विचारून आला.

“अक्का, कामून घाबरायलीस? चुन्यानं करत्यात ते ‘मार्क’, तोडायची खूण. नकाशात सडकेची रेघ ओढत्यात ते ‘ड्रॉ’. साहेब म्हणला, मी ‘स्केच’ करायलोय. म्हंजे समोर बघून हातानं चित्र काढायचं. तुझं झाड आवडलंय त्याला.”

नागूबाईचा जीव भांड्यात पडला. आता तो दगड गुपचूप उचलावा म्हणून ती चिंचेखाली गेली.

तिथं नारळ फुटले होते आणि पाटलाची सून डोळे मिटून नवस बोलत होती.

नागूबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि आपणच मांडलेल्या देवापुढं मनापासून हात जोडले.