मापाडणीचं वजन

"उंदीर, उंदीर, उंदीर! चार दिवस झाले, तुझं एकच पालुपद. अगं, कुठला उंदीर रोज न चुकता पाव किलोच पीठ खातो? पोट आहे त्याला की माप आहे?"

मापाडी पिठाच्या डब्यापुढं उकिडवा बसून तावातावानं बोलत होता. मापाडणीनं चुलीपाशी फुंकणी तोंडाला लावलेली, म्हणून बरं, लगेच उत्तर द्यायला नको. जाळ केव्हाच पेटला होता, तरी ती आपली फुंकतच राहिली.

"मोठा असेल एखादा," ती शेवटी म्हणाली. "घूस असेल."

"घूस? आणि लेंड्या? त्या काय बरोबर घेऊन जाते?"

आता या माणसाला काय सांगायचं? तीस वर्षं संसार झाला, पण हा असा दिवसभर घरात कधी नव्हताच. सकाळी उजाडलं की बाजाराच्या आवारात जायचा, दिवसभर लोकांची पोती तोलायचा, दिवेलागणीला यायचा, जेवायचा, झोपायचा. डब्यात पीठ किती आणि कुठं जातं, हे त्यानं जन्मात विचारलं नव्हतं. मग ही साथ आली, गाव बंद झालं, आवाराला टाळं लागलं आणि मापाडी घरात येऊन बसला. येताना तराजूही घेऊन आला. दांडी, साखळ्या, दोन पारडी आणि सगळी वजनं, तीन खेपा करून खांद्यावरून वाहून आणली. म्हणे, तिथं राहिला तर कुणीतरी भंगारात घालील.

पडवीच्या तुळईला त्यानं तराजू टांगला आणि मग काय विचारता! हात शिवशिवायला लागले की हा तोलायला बसायचा. पहिल्या दिवशी मांजर तोललं. दुसऱ्या दिवशी समोरच्या शिंप्याचा दगडी पाटा. तिसरा दिवस शनिवारचा. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो बायकोला म्हणाला, "ये, बस पारड्यात."

"काहीतरीच काय! मी काय पोतं आहे?"

"बस गं. बघू तर."

बसली बिचारी. साखळ्या धरून, पाय वर घेऊन. यानं पलीकडं वजनं चढवली, दांडी सरळ केली आणि आवारात ओरडायचा तसा खणखणीत ओरडला, "बावन्न! बावन्न! बावन्न!" वजन तीनदा बोलल्याशिवाय पारड्यातून माल उतरवायचा नाही, ही त्याची सवय. मग विचारायचं, "माल कुणाचा?" विकणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं. त्यानं तसंच विचारलं, "माल कुणाचा?" समोरच्या दारातून शिंपी ओरडला, "तुमचाच की हो, मापाडी!" सगळी गल्ली उंबऱ्यात उभी राहून हसली. मापाडीणही हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नवऱ्यानं तिला असं चारचौघांत हसवलं ते तीस वर्षांत पहिल्यांदाच. म्हणून तर पुढचं सगळं तिला जास्त लागलं.

आता पिठाची गोष्ट सांगायला हवी. त्यांना एकच लेक. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं एका गवंड्याशी लग्न केलं. बापानं त्याच दिवशी सांगून टाकलं, "मला लेक नाही." त्यानंतर ती समोरून आली तरी हा मान वळवायचा. लेक गावाबाहेर, विटांच्या भट्टीमागं एका खोलीत राहायची. मापाडी आवारात गेला की इकडं पिठाचा डबा उघडायचा आणि वाटीभर पीठ भट्टीकडं पोचायचं. चार वर्षं बिनबोभाट चाललं होतं. पण आता गवंडी कामावर दूर शहरात अडकला होता. गाड्या बंद, काम बंद. लेकीच्या पदरात चौदा महिन्यांची पोर, आणि वाटीभर पिठाशिवाय घरात दुसरं काही नाही.

मापाडणीनं वाटीची पाव किलो केली. सकाळी तासभर बायकांना नळावर जायची परवानगी होती, घरटी एकीला. लेकही त्याच नळावर यायची. पिठाची पुरचुंडी रिकाम्या घागरीतून जायची आणि लेकीच्या घागरीत पडायची.

पण मापाड्याच्या हातात तराजू होता आणि करायला काही नव्हतं. तो सकाळ-संध्याकाळ पीठ तोलायला लागला. सापळा लावला, उंदीर सापडला नाही. पाचव्या दिवशी त्यानं डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला बांधली.

"रोज मी काढून देईन," तो म्हणाला. "दोन माणसांचं, बरोबर तोलून. मग बघू उंदीर काय खातो ते."

मापाडणीनं परात पुढं ओढली. बोलून सोय नव्हती. रोट्या भाजल्या की ती त्याला वाढायची आणि म्हणायची, "तुम्ही खा, मी मागनं खाते." मागनं कसलं? तिच्या वाटणीतली अर्धी रोटी फडक्यात जायची, आणि सकाळी घागरीतून नळावर. पुढं पुढं अर्धीची पाऊण झाली. लेकीचं अंगावरचं दूध आटलं होतं. पोर रडायची तीसुद्धा दमानं, जोर लावून रडायला अंगात काही नव्हतं.

आणि इकडं दर शनिवारी बायकोला तोलायची गंमत सुरूच. गल्लीला दुसरा काय विरंगुळा होता? शनिवारी ऊन कललं की सगळे आपापल्या उंबऱ्यात येऊन बसायचे. दुसऱ्या शनिवारी पन्नास भरली. तिसऱ्या शनिवारी एकोणपन्नास.

"काटा बिघडला की काय?" शिंप्यानं चिडवलं.

"माझा काटा?" मापाडी भडकला. "माझा काटा बिघडत नाही. हीच कमी भरतेय." आणि त्यानं बायकोकडं असं निरखून बघितलं की ती घाईनं पारड्यातून उतरली.

चौथ्या शनिवारी तिनं अंगातल्या कपड्याखाली, कमरेच्या फडक्यात नदीतले गोटे बांधले. पाच गोटे. पारड्यात बसली, साखळी हलली आणि आत दगडावर दगड वाजला.

एवढासाच आवाज. शिंप्याला ऐकू गेला नाही, कुणालाच गेला नाही. पण वजन वाढवायला पोत्यात खडे घालणारे लोक मापाड्यानं आयुष्यभर पकडलेले. त्यानं दांडी साडेएकोणपन्नासवर सरळ केली, पण वजन बोललं नाही. तिला दंडाला धरून उतरवलं, घरात नेलं आणि दार लावून घेतलं.

"काढ," तो म्हणाला.

तिनं एकेक गोटा काढून जमिनीवर ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं गोटे उचलले, हातातच तोलले आणि म्हणाला, "अडीच किलो. म्हणजे तू सत्तेचाळीस. महिन्याभरात पाच किलो बायको गेली माझी. कुठं गेली? भट्टीकडंच ना?"

"तुमची नात उपाशी आहे हो."

"मला लेक नाही. नात कुठून आली?"

"अहो, चौदा महिन्यांची पोर. तिनं काय केलंय तुमचं?"

"आणि मी काय केलंय?" मापाडी एकदम ओरडला आणि त्याचा आवाज फाटला. "तू मेलीस तर मला कोण आहे? हां? बाहेर माणसं पटापट मरतायत. उद्या मला ताप आला तर पाणी कोण देणार, तो शिंपी? तुला दगड बांधून मरायचंय, आणि मी इथं एकटा बसून काय तोलू?"

त्याचे डोळे भरले होते. खोटं कशाला बोला, त्याला बायको हवी होती, मनापासून हवी होती. त्याच मायेनं त्यानं दुसऱ्या दिवसापासून तिचा गळा धरला.

तो तिला समोर बसवायचा आणि शेवटचा घास गिळेपर्यंत उठू द्यायचा नाही. "तोंड उघड. जीभ दाखव. हां, आता पाणी पी." नळावरही तो बंदी न जुमानता मागनं जायचा आणि दहा पावलांवर हात मागं बांधून उभा राहायचा. घागर रिकामी जायची आणि पाण्यानंच भरून यायची. घास घशाखाली उतरायचा नाही, पण उतरवावा लागायचा. एकदा तिनं खाल्लेलं ओकून टाकलं, तर त्यानं तेवढंच पीठ पुन्हा तोलून काढलं, पुन्हा भाजायला लावलं आणि पुन्हा खायला घातलं.

शनिवारी वजन वाढायला लागलं. अठ्ठेचाळीस. पन्नास. मापाडी तीनतीनदा ओरडून सांगायचा आणि गल्ली खूश व्हायची. कोपऱ्यावरच्या बाईला सगळे रेडिओ म्हणायचे. ती आपल्या नवऱ्याला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, शिका जरा! बायकोला कसं फुलासारखं जपतोय माणूस."

त्या सोमवारी नळावर लेक तिच्याकडं बघत राहिली. पोर तिच्या कडेवर मान टाकून पडलेली.

"आई, बरी दिसतेस गं," लेक म्हणाली. "अंग भरलंय तुझं."

टोमणा नव्हता तो. लेकीला खरंच बरं वाटलं होतं. मापाडणीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला आत घ्यावं. ती नळाखाली वाकली आणि नवऱ्याला दिसणार नाही असं पुटपुटली, "शनिवारी दुपारी पोरीला घेऊन दारात ये."

"बाबा मारतील."

"मारू देत. तू ये."

शनिवारी गल्ली उंबऱ्याउंबऱ्यात बसली होती. मापाड्यानं साखळ्या पुसल्या, वजनं मांडली आणि हाक मारली, "चल गं." मापाडीण बाहेर आली, पण पारड्याकडं गेली नाही. ती पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. लेक तिथं येऊन उभी होती. तिनं लेकीच्या कडेवरून पोर घेतली आणि आणून पारड्यात ठेवली.

"तोला," ती म्हणाली.

पारडं जेमतेम हललं. पोरीनं साखळी हातात धरली आणि तिची कडी तोंडात घालून चोखायला लागली.

मापाडी बायकोकडं बघत राहिला. पण पारड्यात माल होता आणि त्याचे हात जन्मभर त्या पारड्यालाच बांधलेले. त्यानं वीसचं वजन बाजूला सारलं. दहाचं सारलं. पाच किलो ठेवलं. मग बारकी बारकी वजनं ठेवत गेला. दांडी सरळ झाली.

"बोला," मापाडीण म्हणाली. "बोलल्याशिवाय माल उतरत नाही ना तुमच्यात?"

"पाच किलो नऊशे," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"पाच किलो नऊशे!" आणि तिसऱ्यांदा, अगदी आवारातल्यासारखं, "पाच किलो नऊशे! माल कुणाचा?"

सवयीनं निघून गेलं तोंडातून. गल्लीत कुणी हसलं नाही. शिंप्यानं मान खाली घातली.

"तुमचा," मापाडीण म्हणाली.

मापाड्यानं दोन्ही हातांनी पोर उचलली. क्षणभर त्यानं तिला तशीच धरून ठेवली, तेव्हा रेडिओबाईनं तर डोळ्यांना फडकं लावलं. सगळ्यांना वाटलं, आता छातीशी धरणार. मापाडणीलाही वाटलं. आतून तिचा जीव तुटत होता, धरा हो, एकदा तरी धरा. तो पायऱ्या उतरला आणि पोर लेकीच्या हातात दिली. हलकं पोतं परत करावं तशी.

"मापात बसत नाही," तो म्हणाला. "घेऊन जा."

मापाडणीनं पायात वहाणा घातल्या आणि लेकीच्या मागून चालायला लागली.

"कुठं चाललीस? अगं ए, बाहेर बंदी आहे! रोग लागेल!" तो पायरीवरून ओरडत राहिला. रेडिओबाईचे डोळे एव्हाना कोरडे झाले होते. ती शेजारणीला म्हणाली, "एवढं जपलं नवऱ्यानं, आणि ही बघा. बाईच्या जातीला सुख बोचतं."

भट्टीमागच्या खोलीत पहिले दोन दिवस तिघींनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मापाडी होता. दाढी वाढलेली, बोटाला भाजल्याचा फोड. रोटी भाजायला बसला असणार.

"चल घरी," तो म्हणाला.

"नाही यायची."

मग काखेतली पुरचुंडी त्यानं उंबऱ्यावर ठेवली. "पाव किलो आहे. तुझ्या एकटीचं. दुसऱ्या कुणाला कण जाता कामा नये, सांगून ठेवतो."

"बरं," ती म्हणाली. पुरचुंडी आत घेतली आणि दार लावून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. रोज यायला लागला. रोज पाव किलो, ना कण जास्त, ना कण कमी, आणि आत वास सुटेपर्यंत तो बाहेर उन्हात बसून राहायचा. आत लेक भराभरा खायची. खाल्लं की दोन दिवसांनी दूध येईल, असा तिला धीर होता. मापाडीण रोटीचा मऊ पापुद्रा पाण्यात कुस्करून पोरीच्या ओठाला लावायची. पोर हावरटासारखं बोटासकट चोखायची.

"खाल्लंस का?" दाराबाहेरून आवाज यायचा.

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं. कणसुद्धा ठेवला नाही."

"अंगी लागतंय का?"

मापाडणीनं पोरीचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं.

"लागतंय हो," ती म्हणाली, आणि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन भिंतीला टेकून बसली.