डॉक्टर सांगतील

"डॉक्टर सांगतील," रिपोर्टच्या खिडकीतली मुलगी म्हणाली आणि तिने पाकीट माझ्याऐवजी माझ्या बायकोच्या हातात दिलं.

मी काय ते ओळखलं. कारण ते वाक्य माझं आहे. एकोणीस वर्षं मी इस्पितळात एक्स-रे काढतो. फिल्म चांगली असली की सरळ सांगून टाकतो, काही विशेष नाही, घरी जा, पोटभर जेवा. नियमात ते बसत नाही, पण सांगतो. फिल्ममध्ये नको ते दिसलं की मात्र मला नियम आठवतो. मग मी फिल्मकडे बघत म्हणतो, डॉक्टर सांगतील. ही मुलगीसुद्धा पाकिटाकडेच बघत होती.

बाहेर बाकावर आमचा नंबर सतरावा. बायकोने पाकीट पर्समध्ये घातलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. पाच वर्षं आम्ही मूल व्हावं म्हणून दवाखाने फिरत होतो. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या. माझ्यात शुक्रजंतूंची संख्या फारच कमी. का कमी, ते कोणालाच कळेना. प्रत्येक कागदावर 'कारण अज्ञात' असा शेरा. तेव्हा या डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं आणि म्हणाल्या, जनुकांची तपासणी करून बघू.

कारण अज्ञात होतं ते त्यांना. मला ते ठाऊक होतं, निदान मी तसं धरून चाललो होतो. आमच्या खात्यात प्रत्येकाला एक बिल्ला मिळतो. तो छातीला लावायचा. अंगावर किरणं किती पडली ते त्यात नोंदलं जातं आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. आकडा वाढला की माणसाची बदली टेबलावर. आता लहान मुलं मशीनसमोर स्थिर राहत नाहीत, आया घाबरतात, मग मीच आत जाऊन पोरांना धरायचो आणि जोडीदार बटण दाबायचा. नियमाने हे करायचं नसतं. म्हणून पोराला धरायच्या आधी मी बिल्ला काढून कपाटात ठेवायचो. किती पोरं धरली असतील, देव जाणे. दुसऱ्यांची पोरं धरता धरता आपली घालवली, असं मी मनात म्हणायचो आणि गप्प बसायचो. बायकोने दोनदा विचारलं होतं, मशीनमुळे तर नसेल ना हो? मी म्हणालो होतो, छे, बिल्ल्याचे आकडे बघ की.

घरी आईला एवढंच माहीत होतं की कारण सापडत नाही. आईच्या लेखी कारण न सापडणं म्हणजे सून. चार वर्षं ती सुनेला रोज सकाळी काढा देत होती, जाड हिरव्या काचेच्या एका जुन्या बाटलीतून. इतका कडू की बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचं. संख्या कोणाची कमी आहे हे तिला ठाऊक होतं, तरी माझी लाज राखायला ती मुकाट्याने प्यायची. आणि मी वर्तमानपत्र वाचायचो.

आता पाकिटात किरणांचं नाव निघालं तर? तर ती विचारणार, बिल्ल्याचं काय? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तशी माझी गत झाली. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचायला घेतला. त्या चष्मा पुसत होत्या तेवढ्यात माझा धीर सुटला. मी म्हणालो, "चूक माझी आहे, मी बिल्ला लावत नव्हतो," आणि मग कपाट, पोरं, बटण, सगळं घडाघडा ओकून टाकलं. बायको माझ्याकडे वळली आणि तशीच बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की तुमचा बिल्ल्याचा प्रकार चुकीचाच आहे, पण याचा त्याच्याशी संबंध नाही. पुरुषात वाय नावाचं एक गुणसूत्र असतं, ते बापाकडून मुलाकडे येतं. माझ्या वायचा एक बारीक तुकडा जन्मापासूनच नव्हता, आणि शुक्रजंतू नीट तयार व्हायला तोच लागतो. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून बघता येईल, त्या म्हणाल्या. मुलगी झाली तर तिला यातलं काही नाही. मुलगा झाला तर त्याच्यातही तो तुकडा नसेल. विचार करून सांगा.

म्हणजे मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "भावंडं किती?"

"मी एकटाच. आईवडिलांच्या लग्नानंतर अकरा वर्षांनी झालो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बहुतेकांत हा तुकडा नव्यानेच गळतो, पण कधीकधी तो बापातही नसतो आणि तरी एखादं मूल होतं, त्या म्हणाल्या. वडील असते तर रक्त तपासून सांगता आलं असतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

बसमध्ये बायको खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, संपलं, आता ही माहेरी जाणार. उतरताना ती एवढंच बोलली, "आईंना तुम्ही सांगायचं. वडिलांचंसुद्धा. मी तिथे उभी राहणार. नाही सांगितलंत तर संध्याकाळी मी बॅग भरते."

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. काय म्हणाले, तिने विचारलं. बायको दाराला टेकून उभी होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. दोष माझ्यात आहे, पहिल्यापासून आम्हाला माहीत होतं, हिच्यात काही नाही. माझ्यातच जन्मापासून काहीतरी कमी आहे, आणि ते कदाचित बाबांकडून आलं असेल. 'कदाचित' मी दोनदा म्हणालो.

आईचे हात थांबले. तिने कागद मागितला. तिला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं, तरी उलटसुलट करून पाहिला.

"यात माझं नाव आहे का कुठे?"

"नाही."

"नीट बघ."

मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "कुठेच नाही, आई."

मग ती बोलायला लागली, खाली बघून, भाजीचा भाव सांगावा तशी. अकरा वर्षांत दोनदा तिची पिशवी साफ केली होती. सासू तिला लहान बाळांच्या अंगाला हात लावू द्यायची नाही. प्रत्येक दवाखान्यात केसपेपर तिच्या नावाचा. बाबा एकदाच तपासायला गेले होते. परत आले ते म्हणाले, माझं सगळं ठीक आहे. कागद काही दाखवला नाही.

"त्यांना माहीत असेल का रे?"

डॉक्टर सांगतील, असं म्हणायची मला इतकी सवय की ते ओठांपर्यंत आलं होतं. पण सांगायला आता कोणी डॉक्टर नव्हता. आणि खोटं बोलून घरी आलेल्या पुरुषाला कसं वाटतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

"असेल," मी म्हणालो. "भीती वाटली असेल, आई."

"मला नव्हती वाटत?"

आई गुडघ्यावर हात टेकून उठली, फळीवरून ती हिरवी बाटली काढली आणि मोरीत उपडी केली. सगळा काढा वाहून गेल्यावर नळ सोडून ती बाटली धुवायला लागली. धुवायची, नाकाला लावायची, पुन्हा नळाखाली धरायची. वास जाईना.

बायको पुढे झाली. "द्या आई, मी धुते."

आईने बाटली सोडली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "ही माझी आहे. तुझ्या आधी अकरा वर्षं मीच हिच्यातून प्यायलेय."