तीन मिलिमीटरची शांतता

गुणाजींच्या डोक्यातला फुगा फुटला नाही. पण हे सांगितलंच नाही असं धरा. घरात तर तो कुठल्याही क्षणी फुटणार अशाच बेतानं सगळे वागत होते.

गुणाजींना आलेली चक्कर कानाची निघाली. पण तपासात मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय झाला आणि एका फाट्यावर हा फुगा सापडला. गुणाजी तीस वर्षं महापालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी पडद्यावर रक्तवाहिन्यांचं कडं दाखवताच म्हणाले, "लूप लाइन. एक बाजू बंद पडली तर दुसरीकडून पुरवठा."

"बरोब्बर. ही मागची डावी बारीक आहे, पण जन्मापासूनच. दोष नाही. फुगा तीन मिलिमीटर. एवढे बहुतेक फुटत नाहीत. बीपी ताब्यात ठेवा, तंबाखू बंद, वर्षानं पुन्हा फोटो."

गुणाजींना सगळं कळलं. शेजारी बसलेल्या बायकोला, शेवंतीबाईंना, 'फुगा' एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून ठाकुर्लीच्या त्या घरात गुणाजी कधी चुकेनासे झाले. त्यांनी चहाला लसणाची फोडणी मागून पाहिली, मिळाली. प्यावी लागली. मुलगा सुशांत कायम तुंबलेल्या घोडबंदर रोडवरून आला आणि म्हणाला, "आज ट्रॅफिकच नव्हतं, बाबा." तेव्हा मात्र गुणाजी टरकले. म्हणजे आपण नक्की जाणार.

शेवटी त्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला. यावरून अडतीस वर्षं रोज वाजायचं. शेवंतीबाईंनी तो मुकाट्यानं उचलून दोरीवर घातला.

"अगं, बोल की काहीतरी!"

"कशाला? उगाच प्रेशर वाढायचं तुमचं."

"बेतात ठेवायला सांगितलंय, बंद करायला नाही. तू अशी गोड वागलीस की मला हार घालून भिंतीवर टांगल्यासारखं वाटतं."

शेवंतीबाईंचे हात दोरीवरच थांबले.

"पुढच्या फोटोत तेवढाच निघू दे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मग बघते तुमच्याकडे. सगळं लक्षात ठेवलंय मी." आवाज फाटला होता.

रिपोर्ट आपल्या नावाचा, पण दाब सगळा हिच्यावर चाललाय, हे गुणाजींना तेव्हा कळलं. वर्ष फार लांब होतं. ते टेबलाशी बसले आणि दाद मागायची जी एकच भाषा त्यांना येत होती तीत लिहू लागले:

"प्रति, सौ. शेवंतीबाई, ठाकुर्ली. विषय: घरगुती भांडण पूर्ववत सुरू करणेबाबत. महोदया, गेले बावीस दिवस सदर घरातील भांडण पूर्णतः खंडित आहे. फुगा आहे तेवढाच राहील, याची हमी अर्जदार स्वतः देत आहे. तरी रोज सकाळी किमान पंधरा मिनिटे, कमी दाबाने का होईना, भांडण सोडण्यात यावे, ही नम्र विनंती."