मातीचा उतार

आमचा चुनीलालदादा चांगला माणूस आहे, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल. तिसऱ्या वर्षी तापात माझे पाय गेले, तेव्हापासून मला उचलायचं काम त्याचं. एकोणसाठच्या पावसाळ्यात तापी गावात शिरली, तेव्हा मला पाठीवर घेऊन तो कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडला. ही गोष्ट त्याने नंदुरबारच्या बाजारापासून सुरतेकडच्या सोयऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगितली. दर वेळी पाणी थोडं वाढायचं. शेवटी शेवटी ते गळ्याला लागलं होतं.

पुढच्या वर्षी त्याने जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. पुन्हा पाणी आत यायला नको म्हणून जोतं छातीइतकं उंच घेतलं. बरोबरच होतं ते. माझ्यासाठी वेगळी खोली, लागूनच मोरी, हाताशी पाण्याचा माठ.

"कोकिळा, आते तुले काहीच कमी नही," तो म्हणाला. "बाहेर जावानी बी गरज नही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं बुडाखाली टायरचा तुकडा बांधून मी हातांवर सरकत या गल्लीतून हिंडले होते. सकाळी भाकरी खाल्ली की मी फुलवंताबाईच्या अंगणात. तिथे बायांबरोबर गोधड्या शिवायच्या, गावाची उणीदुणी काढायची, भांडायचं, आणि दिवस कलला की आपलं आपण घरी यायचं. त्यासाठी मला कुणाला हाक मारावी लागत नव्हती.

घर होईपर्यंत आम्ही गोठ्यात राहत होतो. दगड-माती वर न्यायला दलपत गवंड्याने जोत्याला टेकवून मातीचा लांब उतार केला होता. मजुरांच्या पायांनी तो चांगला चोपून निघाला. एके दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी त्यावरून वर गेले. नव्या घरात घरच्यांपैकी सगळ्यांत आधी मी शिरले, सगळ्या खोल्या पाहिल्या आणि आपली आपण खाली आले. मग रोजच जायला लागले.

मग कळलं की वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी हा उतार खणून काढायचा आणि तिथे सात घडीव पायऱ्या बसवायच्या. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. काही काम नसताना मी दिवसातून चार-चारदा वर-खाली करायची, आणि मजूर टोपल्या घेऊन बाजूला थांबायचे.

दादाला म्हटलं, "उतार ऱ्हाऊ दे."

"लोके म्हनतीन, घर बांधं का गोदाम," तो हसला. "तुले उचलाले मी शे ना."

"तू वावरमा ऱ्हास तवय?"

"भाभीले हाक मार."

त्याची बायको, आमची वत्सलाभाभी, चुलीपुढे होती. तिने फुंकणी उचलली आणि पेटलेल्याच चुलीत फुंकर घातली.

वास्तूच्या आदल्या सकाळी दलपत कुदळ घेऊन आला, तर मी उताराच्या मधोमध बसलेली.

"कोकिळाबाई, बाजूले व्हा."

"नही व्हत."

तो बिचारा दादाला बोलवायला गेला. दादा आला, आणि त्याचे हात पाहूनच मला कळलं. वाद झाला की मला उचलून दुसरीकडे ठेवायचं, ही त्याची जुनी सवय. उचललेल्या माणसाला बोलता येतं, पण त्याचं ऐकतं कोण? त्याने माझ्या काखेत हात घातले. मी दोन्ही मुठींनी माती धरली आणि कुणी कुणाला म्हणू नये ते म्हणाले.

"दादा, उद्या तू नही ऱ्हायना तं मंग?"

अंगण पाहुण्यांनी भरलेलं. आमच्या आत्याने तोंडावर हात ठेवला. "शुभ काममा मन्हं मरन काढस?" दादा म्हणाला. तेवढ्यात भाभी पुढे आली.

"ती खरं बोलस. मन्हाघाई ती उचलाई जात नही. इतला दिन मी बोलनू नही."

दादाचे हात माझ्या काखेतच होते. मान वळवून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. बहिणीला जन्मभर उचलणारा भाऊ म्हणून गावात त्याचं नाव होतं. मी आपली आपण जाऊ-येऊ लागले तर त्याच्याकडे काय राहणार? मला त्याची फार दया आली. माती मात्र मी सोडली नाही.

त्याने हात काढून घेतले. दलपतला "ऱ्हाऊ दे" एवढंच म्हणाला आणि शेताकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाहुणे उतारावरून घसरत, धोतरं सावरत वर आले, आणि गोदामाची थट्टा त्याला पोटभर ऐकावी लागली.

पावसाळ्याआधी त्याने उतार दगड-चुन्याचा पक्का करून दिला. माझ्याशी तेव्हा बोलत नव्हता, पण दलपतला दिवसभर सांगत होता, "आखो जरा चढ कमी कर."

याला सहा वर्षं झाली. नंतर आम्ही बोलायला लागलो, पण दादाने मला पुन्हा कधी उचललं नाही. गेल्या होळीच्या सुमाराला फुलवंताबाईकडून येताना मला ताप भरला. हातात जोर राहिला नाही. उताराच्या पायथ्याशी मी बसून राहिले. दादा वर ओट्यावर होता. त्याने पाहिलं, उठला, कडेपर्यंत आला आणि थांबला. मला हाक मारायची होती, अगदी लहानपणी मारायची तशी. मी मारली नाही. मग हातभर सरकायचं आणि थांबायचं, असं करत मी वर गेले. मी पोचेपर्यंत तो दोन्ही हात अर्धे पुढे करून तसाच उभा होता.