माणसाळलेले शेवटे

खाडीकाठच्या चोपडे गावातल्या शिवदासाचे मासे माणसाळले, ही बातमी त्यानेच गावभर केली. त्याच्या शेताच्या बांधाला मानस होती, खाडीचं पाणी आतबाहेर सोडणारं लाकडी दार. तिथले शेवटे हात घातला तरी हलत नसत. एरवी शेवटा म्हणजे जाळ्यावरून उडी मारून शेपटी दाखवणारा मासा!

"माका वळखतत ते," शिवदास मिशीत हसला. लेकीचं, कोमलचं, लग्न ठरत आलेलं. होणारे व्याही अनंत आज कोरगावाहून पहिल्यांदा जेवायला यायचे होते, तेही मानशीचे मासे खायला.

त्याची बायको प्रभावती शेवटे चिरायला विळीवर बसली, गुणगुणत:

शेवट्या रे राया, तुझी रुप्याची पैरण
उडी मारून गेलास, माझं रितं कालवण

ओवी तिथेच थांबली. कल्ले फिकट. आतड्यात पांढरा चुरा.

"अहो, हो मासो तुमका वळखणा नाय. हेका गुंगी इली हा."

पुतणी विनिता मासळीच्या प्रयोगशाळेत कामाला. तिने वाकून पाहिलं. "काका, बांधाक पोती कसली घातलात?"

"सिमेंटाची, प्लास्टिकची. पेंढो-चिखल कोण मळीत बसता?"

"आणि फवारणीचो पंप खंय धुतात?"

"मानशीत. ओहोटीक सगळां जाता मरे!"

"पाणी जाता. उन्हान पोत्यांचो चुरो झालो, तो गाळात ऱ्हवता, आणि औषध तेका चिकटता. शेवटो गाळ चाटता. चुरो नि औषध, एकेकट्यापेक्षा दोघांच्या जोडीन मासो जास्त खचता."

"म्हणजे जोडी हेंनी जमवली," प्रभावती म्हणाली, "आणि सोसता मासो!"

"माणसांनी खाल्लो तर?" शिवदासाचा आवाज बारीक झाला.

"ठाऊक नाय. मी खावचंय नाय."

बाजारातले मासे आणून मानशीचे म्हणून वाढावेत, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

"खंय ते तुमचे लाडके मासे?" अनंत हसत आत आले.

थाप शिवदासाच्या तोंडाशी आली होती, पण बाहेर पडलं ते खरं. "आजारी आसत. मीयाच केलंय." पोती, पंप, सगळं सांगून टाकलं. कोमल दाराआड ओठ चावत उभी.



"आमी काजींच्या फवारणीचो पंप व्हाळात धुतंव," अनंत हळूच म्हणाले. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "ओहोटी लागली आसा मा? चला, पयली पोती काढूया. भाज्यांचां खतखतां शिजांदे तवसर."