चौघांपुरती गाडी

धाकट्या सुनेला, शुभाला जुळं आहे असं सोनोग्राफीत कळलं, त्या दिवशी दिघ्यांच्या घरात पेढे आले आणि दुसऱ्या दिवसापासून भांडणं सुरू झाली. भांडणं गाडीवरून.

घरात गाडी नव्हती असं नाही. होती, पण ती माणिकची होती. माणिक थोरली सून. तिच्या वडिलांचा वाकोल्याला दवाखाना होता, आणि जाण्यापूर्वी त्यांनी आपली फियाट लेकीच्या नावावर केली होती. मुलुंडच्या त्या घरात गाडी चालवता येणारी माणसं दोनच, माणिक आणि तिचा धाकटा दीर मधुकर. माणिकचा नवरा श्यामकांत लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा त्याने खापर फियाटच्या क्लचवर फोडलं होतं. सासूबाई, म्हणजे माई, नातेवाइकांकडे जाताना तिला 'आपली गाडी' म्हणायच्या. रस्त्यात बंद पडली की 'माणिकची गाडी'.

"फियाटमध्ये आता भागायचं नाही," मधुकर एका रात्री जेवताना म्हणाला. "आपण पाच, वर दोन पोरं, त्यांच्या दुपट्यांच्या पिशव्या, बाटल्या. ती नवी मारुतीची व्हॅन घेऊ. अख्खं घर मावतं."

"तिला नाकच नाही," श्यामकांत म्हणाला. "समोरून ट्रक आला तर आपले गुडघे हाच बंपर. घ्यायची तर अँबॅसिडर. गाडी कशी, घरासारखी पाहिजे."

"अँबॅसिडर वळवायला मैदान लागतं, दादा."

"मग मैदानातून वळव. चालवणार तूच आहेस ना?"

माणिकने आमटीची वाटी खाली ठेवली. "चालवणार भावजी. मग माझी फियाट?"

कुणीच वर बघेना. शेवटी माई म्हणाल्या, "दोन-दोन गाड्या उभ्या करायला आपलं अंगण आहे का? ही जाईल, ती येईल."

"ही जाईल हे कुणी ठरवलं?"

"असं तोडून काय बोलतेस गं? तिला दोन आहेत पोटात. तिचा विचार करायचा की पत्र्याच्या डब्याचा?"

शुभा खाली मान घालून भात कालवत होती. तिने एक शब्द काढला नाही, आणि माणिकला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. हिच्यासाठी माझी गाडी विकायची आणि हिने साधं 'असू दे, वहिनी' म्हणू नये?

पुढचे काही दिवस घर असं झालं की डबा उघडायचा आवाजही टोमण्यासारखा वाटावा. माणिक ऑफिसला जाताना फियाटची किल्ली पर्समध्ये घालून न्यायची. पूर्वी ती देवघराच्या खिळ्याला असायची. माईंनी ते पाहिलं आणि शेजारच्या सुलक्षणाबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "हल्ली आमच्याकडे चोर झालेत."

मग शनिवारी दुपारी श्यामकांत बुटांना पॉलिश करता करता म्हणाला, "शुभाला दोन झेपायची नाहीत असं वाटतंय."

"मग बाई ठेवा."

"तसं नाही." तो ब्रश बुटावर तसाच घासत राहिला. "ती म्हणाली, एक वहिनींकडे असू दे."

"माझ्याकडे म्हणजे?"

"म्हणजे आपल्याकडे. आपलं म्हणून. कागदबिगद काही नको, घरातल्या घरात. माईला पसंत आहे, मधूला पसंत आहे. शुभाने स्वतःहून काढलं गं. एवढं मन कोण दाखवतं?" आणि जरा थांबून, "मग सगळं एकच झालं ना. एक घर, एक मोठी गाडी. ती फियाट कशाला उराशी धरून बसायची?"

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, उपासतापास झाले, बारशाच्या आमंत्रणात तिला 'तू मागून ये, ओटी भरून झाल्यावर' असं सांगणाऱ्या बायका झाल्या. माणिकने तो विषय मनातून केव्हाच हद्दपार केला होता. निदान तिची तशी समजूत होती. त्या दुपारी ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. संध्याकाळी भाजीला गेली तेव्हा लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानासमोर उगाचच उभी राहिली. दुकानदाराने "काय दाखवू, ताई?" विचारलं तशी चोरी पकडल्यासारखी पुढे सटकली, आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चरफडत राहिली.

पण दोन दिवसांनी तिने सांगितलं, "बघू या तुमची अँबॅसिडर."

पुढच्या रविवारी पाचही जण फियाटमधून घाटकोपरला निघाले. सीताराम कारखानीस नावाचे एक निवृत्त इंजिनियर आपली गाडी विकून मुलाकडे नाशिकला चालले होते. माणिक चालवत होती. शेजारी माई, मागे दोघे भाऊ आणि मध्ये घामाने भिजलेली शुभा. आठवडाभर शुभा माणिकशी बोलत नव्हती. माणिक स्वयंपाकघरात आली की ती उठून जायची. माणिक मनाशी म्हणायची, पोटचं द्यायचं म्हणजे सोपं का आहे? आणि तिच्या वाटणीची धुणी आपण धुवायची.

अँबॅसिडर झकास होती. दुधी रंगाची, खोळ घालून जपलेली. कारखानिसांनी बॉनेट उघडलं आणि दोघे भाऊ त्यात डोकी घालून उभे राहिले. माईंनी मागची दारं उघडायला लावली. "शुभा, तू या खिडकीशी बस. माणिक, तू त्या. हां. मध्ये मी मावते आरामात. असं एक बाळ हिच्या मांडीवर, असं एक तिच्या."

कारखानिसांची बायको प्रेमा कोकम सरबताचे ग्लास घेऊन आली होती. ती हसत म्हणाली, "अगबाई, दोघी जावांना एकदमच की काय?"

"नाही हो, दिवस हिला. पण दोन आहेत ना," माई कौतुकाने म्हणाल्या. "एक हिचं, एक तिचं. देवानेच वाटणी करून पाठवलीय." आणि सरबताचा ग्लास घेऊन त्या प्रेमाबाईंचं तुळशीवृंदावन बघायला गेल्या.

गाडीत दोघीच उरल्या. शुभाने आपल्या बाजूची काच वर केली. उकाड्याने जीव जात होता, तरी पूर्ण वर केली.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"कसलं?"

"मला मधूने नीट सांगितलं नाही. आधी पोर मिळणार आणि मग तुम्ही गाडी देणार, की आधी गाडी?"

माणिकला क्षणभर कळेचना. "काय सांगितलं भावजींनी?"

"तेच, जे तुम्ही दादांना म्हणालात. फियाट विकू देईन, पण एक मूल माझं. नाहीतर किल्ली देत नाही." शुभा तिच्याकडे वळली. "लाज नाही वाटली? फियाटच्या बदल्यात?"

"मी असं म्हणालेच नाही."

"हो का!"

"मला सांगितलं की तूच म्हणालीस. दोन झेपत नाहीत, एक वहिनींनी घ्यावं."

शुभा हसली. "मी म्हणाले? माझं मूल म्हणजे काय मांजरीचं पिल्लू आहे, एक घेऊन जा म्हणायला?"

समोर उघड्या बॉनेटच्या कडेने दोघींना भावांची फक्त कोपरं दिसत होती. तू तुझ्या बायकोला हे सांग, मी माझ्या बायकोला ते सांगतो. एवढं सोपं. दोघा भावांचा डाव माणिकला आता कळला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" शुभाने विचारलं. "दादांनी सांगितलं तेव्हा?"

"काही नाही."

"नाही म्हणाला नाहीत."

"नाही म्हणाले नाही."

"म्हणजे हवं होतं."

खोटं बोलायला वाव होता. माणिक खोटं बोलली नाही. "आठवडाभर हवं होतं," ती म्हणाली. "आता नको. तू दिलंस तरी नको."

"मी देतच नाहीये."

"ऐकलं."

ती उतरली ती सरळ बॉनेटपाशी गेली. "डोकं बाहेर काढा," ती नवऱ्याला म्हणाली. "इंजिन नंतर बघा. मला आणि हिला काय काय सांगितलंत ते दोघांनी इथे बोला."

श्यामकांतचा चेहरा पडला. त्याने आधी भावाकडे पाहिलं, मग कारखानिसांकडे. "घरी बोलू, माणिक. चारचौघांत तमाशा नको."

"चारचौघांत मूल वाटून टाकलंत तेव्हा तमाशा नव्हता?"

"वहिनी, अगं तुमच्या दोघींच्या भल्यासाठीच..." मधुकरने सुरुवात केली.

"तुझी बायको आत बसलीय काच लावून. तिला सांग तिचं भलं."

मधुकर गेला नाही. हातातलं काजळलेलं फडकं पिळत उभा राहिला. गोंधळ ऐकून माई लगबगीने आल्या. त्यांना काय बिघडलं तेच कळेना. "अगं, त्यात वाईट काय? माझी बहीण नाही वाढली आत्याकडे? घरात एकीची ओंजळ भरून वाहायची आणि एकीची रिकामी, हे बरं दिसतं का?"

"माझ्या ओंजळीची काळजी तुम्हाला आत्ता लागली, माई? गाडी विकायच्या वेळी?"

मग ती कारखानिसांकडे वळली. "काका, तुमची गाडी चांगली आहे. आमची माणसं चांगली नाहीत. माफ करा."

ती फियाटकडे गेली तर शुभा आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली होती. पुढची जागा मोकळी होती, तरी मागे. माणिकने गाडी चालू केली. श्यामकांत "अगं थांब, अगं माईला तरी..." करत फाटकापर्यंत धावत आला. माणिकने गिअर टाकला आणि निघाली. आरशात माई दिसल्या, अर्धा संपलेला सरबताचा ग्लास हातात धरून उभ्या.

आग्रा रोडला लागल्यावर शुभा म्हणाली, "खड्डे बघून चालवा."

"बघतेय."

"मला आणलंत म्हणून उपकार झाले असं समजू नका."

"उपकार केलेच नाहीत. त्यांना तिथे सोडायचं होतं. तू आधीच बसली होतीस, म्हणून आलीस."

भांडुपच्या आसपास मागून मुसमुसण्याचा आवाज यायला लागला. माणिकने हात वर करून आरसा फिरवला, शुभाचं रडणं आपल्याला दिसू नये म्हणून.

बाकीचे तिघे रिक्षाने आले आणि मग त्या घराची पार वाट लागली. मधुकर म्हणाला, हे दादाचं डोकं. श्यामकांत म्हणाला, माईने काढलं, मी फक्त जुळवून आणत होतो. माई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, मी घर एकत्र राहावं म्हणून बोलले, तर मीच पापीण. माणिकने नवऱ्याला एकच विचारलं, "माझ्यासाठी केलंत म्हणता, तर मला खरं का नाही सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला. आपण केवढं बोलून गेलो हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडीचा विषय त्यानंतर शुभानेच काढला. सगळे बसलेले असताना, उभी राहून, कमरेवर हात ठेवून. "गाडी मी ठरवलीय. लहान मारुती. मधूच्या ऑफिसातल्या एकाचा बुकिंगचा नंबर लागलाय, त्याला नकोय."

"ती एवढीशी?" मधुकर म्हणाला. "अगं, आपल्याला मोठी हवी म्हणून तर..."

"आपण किती? तू, मी आणि ही दोघं. चौघं. बस होते."

"आणि माई कुठे बसणार?"

"नाही बसणार."

"शुभा, जरा विचार..."

"दादा-वहिनींची त्यांची गाडी आहे. माईंना कुणाच्या मांडीवर काय ठेवायचं ते त्या गाडीत ठेवू दे. माझ्या गाडीत पाचवं माणूस चढणार नाही, मधू. चढलं तर मी उतरेन, आणि उतरले की माहेरी जाईन."

गाडी आली, लाल रंगाची. माईंनी ओवाळलं, नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. मग त्या हात पुसत दाराशी थांबल्या. नव्या गाडीतून एक चक्कर मारतात, तशी पद्धत असते. मधुकरने शुभाकडे पाहिलं. शुभाने आपल्या बाजूचं दार लावून घेतलं. गाडी गेली आणि माई तबक घेऊन आत आल्या. त्या दिवशी माणिकला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

मुली झाल्या. दोन्ही सुखरूप. माणिक दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून सरळ मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये गेली. श्यामकांत वर यायला धजला नाही, खालीच थांबला.

शुभा उशांना टेकून बसली होती. दोन्ही हातांत एकेक मुलगी. हात भरून आले होते हे दिसत होतं, कारण खांदे वर चढले होते. पाळणा शेजारीच रिकामा होता.

"कशी आहेस?"

"बरी."

माणिकने आणलेले डिंकाचे लाडू कपाटावर ठेवले आणि स्टुलावर बसली. मुली काळ्यासावळ्या, डोक्यावर दाट जावळ. एक मधुकरवर गेली होती, दुसरी कुणावरच नाही. थोड्या वेळाने ती दुसरी रडायला लागली. शुभा तिला जोजवायला गेली तर पहिलीही उठली. दोघींचा एकच कल्लोळ झाला. माणिक स्टुलावरून अर्धवट उठली.

"बसा," शुभा म्हणाली. "मी बघते."

माणिक बसली. शुभा दोघींना हलवत राहिली, चेहरा लाल झाला तरी हलवत राहिली. आवाज ऐकून तिथली शेवंती आया आत आली, तेव्हा शुभाने काही न विचारता एक मुलगी तिच्या हातात दिली. आया तिला थोपटत खिडकीपाशी गेली.

माणिकने ते पाहिलं. माणिकने पाहिलं हे शुभानेही पाहिलं. दोघींनी नजर काढून घेतली नाही.

"येते मी," माणिक म्हणाली.

"या."

खाली श्यामकांत फियाटला टेकून उभा होता. "घेतलंस का मांडीवर?" त्याने घाईने विचारलं.

"तिने दिलं नाही."

त्याने चष्मा काढून पुसला. "मी मधूशी बोलून बघू का? तो समजावेल तिला. जरा वेगळ्या तऱ्हेने सांगितलं तर..."

"तुम्ही," माणिक दार उघडत म्हणाली, "आता कुणाला काही सांगू नका."

तो गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारापाशी गेला आणि आतून खटका उघडायची वाट बघत उभा राहिला. तिने बराच वेळ घेतला, पण उघडला.